लेकीचा हंडा आणि गाडीचं ॲव्हरेज

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. प्रवासाला निघताना ओझं कमी करावं की करू नये?

करावं! बरोबर. सगळ्या माना हलल्या. मागच्या रांगेतली एक मान तर केव्हाची हलतेय, पण ती झोपेनं. असू द्या, असू द्या, उठवू नका त्यांना. जरा उजेडात बसवा फक्त, म्हणजे मला वाटेल की ते तल्लीन झालेत.

तर ओझं कमी करावं. संतही सांगतात, डॉक्टरही सांगतात, आणि एसटीचा कंडक्टर तर ओरडून सांगतो! पण मग पुढचा प्रश्न. कमी करायचं ते नेमकं कशाचं? इथं मात्र मान हलत नाही कुणाची! कारण ओझं कुठलं आणि सामान कुठलं, हेच कळत नाही आपल्याला. म्हणून देवाकडे मागणं एवढंच आहे. गुरवमास्तर, धरा जरा पेटीवर सूर! ओळ आमचीच आहे, तोडकीमोडकी आहे, सांभाळून घ्या—

*काय टाकू देवा, काय राहो गाडी,*
*एवढी निवाडी, देई बुद्धी।*

गाडी! हो, गाडीच म्हणालो मी. आजचं आख्यान गाडीचं आहे. रथाचं नव्हे, पेट्रोलच्या गाडीचं!

एका गावात, म्हणजे बाजारपेठेच्या गावात, प्रभाकरशेठ रासने नावाचे भांड्यांचे व्यापारी होते. खाली दुकान, वर घर. तांबं-पितळ वडिलांच्या वेळेपासूनचं. आता तांब्या-पितळेचं भांडं नगावर विकत नाहीत, वजनावर विकतात, हे आयाबायांना सांगायला नको. त्यामुळं प्रभाकरशेठच्या हातात काटाच बसलेला! तांब्या नुसता उचलला की वजन सांगणार. कळशी उचलली की वजन सांगणार. लग्नाला गेले तरी आहेराचं भांडं हातात घेऊन आधी वरखाली करणार. मग आशीर्वाद!

अशा माणसानं गाडी घेतली. आणि मंडळी, गाडी घेतल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न काय विचारतात? गाडी कशी आहे? नाही! कुठं कुठं जाऊन आलात? नाही! देवदर्शन झालं का? छे! एकच प्रश्न— "ॲव्हरेज काय देते?"

पेढा तोंडात, आणि प्रश्न हा!

प्रभाकरशेठ म्हणाले, "अठरा." तर समोरचे किराणावाले पोपटशेठ हसले. आणि जाता जाता म्हणाले, "आमची बावीस देते."

झालं! त्या दिवसापासून प्रभाकरशेठच्या जिवाला चैन नाही. जेवताना बावीस, झोपताना बावीस, पूजेला बसले तर जपमाळेत बावीस!

सुरुवात बरी होती हो. टायरात हवा नीट ठेवायची, उगाच रेस करायची नाही, गिअर वेळेवर बदलायचा, सिग्नलला गाडी बंद करायची. यात वाईट काय? काहीच नाही. तेल वाचवणं हे पुण्यच आहे. गाडी वीसवर आली. आणि इथंच माणसानं थांबावं की नाही? पण जो थांबला, त्याच्यावर आख्यान होत नाही!

शेठनी कुठंतरी ऐकलं की वजन कमी केलं की ॲव्हरेज वाढतं. वजन! म्हणजे घरचाच विषय! काटा आणला आणि गाडीतली एकेक वस्तू त्याला लावायला सुरुवात केली. आधी स्टेपनी निघाली. "पंक्चर काय रोज होतं?" मग जॅक निघाला. स्टेपनीच नाही तर जॅक कशाला? बिनतोड आहे की नाही? मग पायातलं मॅटिंग, मग टेप, मग स्पीकर. डावीकडचा आरसा काढला, म्हणे हवा अडते. पुढच्या जाळीला चिकटपट्टी लावली, म्हणे हवा घुसते. पेट्रोलच्या नळीला कुणीतरी विकलेलं चुंबक बांधलं. त्यानं काय होतं? विकणाऱ्याचं भलं होतं!

डॅशबोर्डवर गणपती होता, दगडी, छान घडवलेला. शेठनी तो उचलला, तळहातावर वरखाली केला... आणि घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. गाडीत स्टिकर लावला! अहो, ज्याच्या भरवशावर गाडी चालवायची, त्यालाच शेठनी खाली उतरवलं!

आणि मग एक दिवस त्यांची नजर गेली मागच्या सीटवर.

त्या आधी एक गोष्ट घडली होती. त्यांच्या कुटुंबाला, शालनकाकूंना, त्यांनी बाजारात नेलं. येताना मीटरवर ॲव्हरेजचा आकडा खाली आला. शेठ हळूच म्हणाले, "तू बसलीस की अर्धा पॉइंट पडतो गं." काकूंनी ऐकून घेतलं. घरी आल्या, कुकर लावला. आणि पुढल्या वेळी गाडीची चावी वाजली तेव्हा पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. शेठना काय वाटलं असेल? वाईट? आकडा वर गेला ना! बरं वाटलं! म्हणाले, मागं तर आता कुणी बसतच नाही. मग सीट हवी कशाला? पाने घेतले, बोल्ट सोडले, सीट माळ्यावर!

गाडी तेवीसवर गेली. पोपटशेठना बोलावून मीटर दाखवलं. पोपटशेठ आत डोकावले आणि म्हणाले, "शेठ, ही गाडी आहे की रिकामा डबा?" शेठना वाटलं, जळतोय!

आता आख्यानात बहीण येते. सावरून बसा.

प्रभाकरशेठना एक थोरली बहीण होती. आक्का. आई लवकर गेली, तेव्हा हे लहान होते आणि आक्का तरी केवढी मोठी होती? पण शाळेच्या वाटेवरचा ओढा लागला की याला पाठुंगळी घेऊन पलीकडे सोडायची ती आक्काच. लग्न होऊन घाटावर, डोंगरातल्या गावी गेली. वडील भांड्यांचे व्यापारी, त्यांनी लेकीला तांब्याचा हंडा दिला. कसला हंडा! ठोक्याचा, जाड पत्र्याचा, आताच्यासारखा फुंकर मारली की घरंगळणारा नव्हे.

आणि मंडळी, त्या दुकानाची एक रीत होती. दुकानात आलेलं जुनं भांडं काट्यावर चढलं, म्हणजे ते मोडीत निघालं. ते भांडं राहत नाही, नुसतं तांबं होतं. म्हणून वडिलांचा नेम होता, की लेकीला दिलेलं भांडं काट्याला लावायचं नाही. देताना नाही आणि पुढं कधीच नाही. गिऱ्हाइकाचं तोलायचं, लेकीचं तोलायचं नाही. हे दोन्ही पोरांनी लहानपणापासून पाहिलेलं, ऐकलेलं.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी आक्काचा फोन आला. "प्रभा, औंदा भाऊबीजेला तू येऊ नगंस, मीच येते. गुडघं गेलं माझं, पुढल्या साली चढ-उतार हुईल का न्हाई कुणास ठावं. आईच्या देव्हाऱ्यापुढं एकदा तुला ओवाळायचाय. न्यायला ये मला."

शेठना भरून आलं. खोटं नाही सांगत, प्रेम होतं हो त्यांचं. फोन ठेवताना डोळे पुसले त्यांनी. "आणतो तुला," म्हणाले, "गाडीतून आणतो." आणि डोळे पुसून झाल्यावर मनात आलं— घाट! जाताना चढ म्हणजे आकडा पडणार. पण येताना? येताना उतार! उतारावर गाडी बंद करून सोडली, तर तेलाचा थेंब नाही. आकडा तिशीच्या पार! म्हणजे बघा, डोळ्यांत पाणी बहिणीचं आणि डोक्यात आकडा उताराचा. हसू नका! तुम्ही सत्यनारायणाला बसता तेव्हा डोक्यात काय असतं, ते विचारू का?

शालनकाकू म्हणाल्या, "अहो, मागची सीट तरी बसवा. वन्सं येणार, त्यांचं सामान असणार."

"एक माणूस. पुढं बसेल."

"आणि मी?"

"तू घरी फराळाचं बघ की!"

काकूंनी चकलीचा सोऱ्या हातात घेतला आणि तो असा पिळला, असा पिळला, की त्यात नेमकं पीठच होतं का अशी शंका यावी!

शेठ निघाले. सकाळचं खाल्लं नाही, पोट हलकं. वहाणा घरी काढून ठेवल्या, कारण अनवाणी पायाला ॲक्सिलेटर बारीक कळतो, आणि वहाणांचंही वजन असतंच ना! बरोबर एकच वस्तू घेतली. हुकाचा काटा. आता त्या काट्याचं वजन कोण धरणार? ते कुणीच धरत नाही मंडळी, आपल्या काट्याचं वजन आपण कधीच धरत नाही.

आक्काच्या दारात गाडी थांबली. आक्का केव्हाची आवरून बसलेली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. ओसरीवर गठुडी मांडलेली. घाटावरच्या माणसाकडून रिकाम्या हातानं कुणी परत येतं का? नाचणीचं पीठ, घेवडा, मधाची बाटली, हातसडीचे तांदूळ. आणि मधोमध, चिंच लावून घासलेला, लखलखणारा तो तांब्याचा हंडा!

"आलास?" म्हणाली. "अनवाणी का रं? नवस हाय काय?"

"तसंच समज," शेठ म्हणाले. पाणी प्यायले. आणि सामानाकडे बघून हिशेब सुरू झाला. आक्काला वाटलं, भाऊ कौतुकानं बघतोय! शेठ गाडीकडे गेले, काटा आणला आणि पिठाचं गठुडं हुकाला अडकवलं.

आक्का हसली. "अरं, इकायला न्हाई काढलं त्ये!"

"नाही गं आक्का, गाडीला झेपायला पाहिजे." पीठ राहिलं. तांदूळ राहिले. "तांदूळ काय तिकडं मिळत नाहीत?" घेवडा अर्धा घेतला. आक्का बघत होती. भाऊ आहे, शहरात राहतो, गाडीतलं त्याला कळतंय, असं स्वतःलाच समजावत होती. आपल्या माणसाची किती वकिली करतो हो आपण मनातल्या मनात!

मग ती म्हणाली, "बाकीचं ऱ्हाऊ दे बाबा सगळं. ह्यो हंडा तेवढा घे. तुझ्या लेकीच्या, वृषालीच्या लग्नात द्यायचाय. मला लेक न्हाई. लेकीचं भांडं लेकीकडं जाऊ दे."

मंडळी, इथं भावानं काय करावं? सांगा! इथं भावानं हंडा उचलून मांडीवर घ्यावा, डोक्यावर घ्यावा! आणि प्रभाकरशेठनी काय केलं? हात सवयीचा हो, हात! हातानंच दगा दिला. त्यांनी हंड्याच्या काठाला सुतळी बांधली आणि हंडा काट्याला लावला.

हंडा लोंबकळला. काटा खाली गेला.

"बापरे," शेठ म्हणाले. "आक्का, हा फार होतो गं. त्यापेक्षा वृषालीला आपल्या दुकानातला नवा देऊ की! तुझ्या नावानं देऊ! आता हलक्या पत्र्याचे येतात, दिसायला अगदी असेच."

आक्का उठली. गुडघ्यावर हात टेकत आली, हंड्याची सुतळी सोडवली, पदरानं हंडा पुसला. मग म्हणाली, "बाबांनी देताना तोलला नव्हता रं."

एवढंच! ना रडली, ना ओरडली. शेठना रीत आठवली, दुकान आठवलं, बाबा आठवले. "आक्का, तसं नाही गं—"

"जा तू," आक्का म्हणाली. "म्या येते माझी. आता मलाबी काट्याला लावलंस, तर म्यासुदिक भारीच भरायची."

खूप विनवलं. पण आक्काही त्याच बापाची लेक! शेवटी शेठ रिकामी गाडी घेऊन घाटाला लागले. जीव खजील झाला होता. चार वळणं झाली, तोवर खरंच खजील होता. मग उतार लागला. गाडी आपोआप पळायला लागली. आणि शेठच्या मनात हळूच, चोरपावलानं विचार आला, की नाहीतरी आता गाडी रिकामीच आहे. ओझं नाही. उतार आहे. अशी संधी पुन्हा येते का?

बघा मंडळी! पश्चात्ताप पुढच्या सीटवर बसलेला, आणि लोभ? लोभाला मागं सीटसुद्धा लागत नाही!

शेठनी गाडी न्यूट्रल केली. इंजिन बंद केलं. चावी पुरती काढायची नाही, स्टिअरिंग अडकतं, एवढं शहाणपण होतं. गाडी वाऱ्यासारखी निघाली. आवाज नाही, धूर नाही. मीटरवर आकडा चढतोय. पंचवीस! सत्तावीस! अठ्ठावीस! शेठच्या चेहऱ्यावर समाधी! आणि गंमत ऐका. गाडीतलं कळणारे सांगतात, की आताच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये ठेवल्या आणि पाय उचलला, तरी इंजिन तेल पीत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा जिवाचा खेळ, ते आधीच फुकट मिळत होतं! पण फुकट मिळालेलं गोड लागतं का आपल्याला?

खालच्या वळणावर उसाची ट्रॉली आडवी उभी! शेठनी ब्रेक दाबला, थोडा लागला. पुन्हा दाबला, कडक झाला. तिसऱ्यांदा दाबला, तर पायाखाली जणू पाटा! इंजिन बंद म्हणजे ब्रेकची ताकद गेली, स्टिअरिंग जड झालं. सगळं हलकं केलेली गाडी, मंडळी, ऐन वेळी हाताला जड झाली! "आक्काऽऽ!" देवाचं नाव नाही आलं हो तोंडात, बहिणीचं आलं! सगळा जीव एकवटून चाक वळवलं. गाडी ट्रॉलीच्या बाजूनं निसटली, बांधावरून उडाली आणि शेतातल्या कडब्याच्या गंजीत जाऊन घुसली.

कडब्याचे उपकार! शेठना ओरखडासुद्धा नाही. उतरले. पुढचा टायर दगडावर फुटला होता. स्टेपनी? माळ्यावर! जॅक? माळ्यावर! पायात वहाणा? उंबऱ्याशी! शेतात ज्वारीची धसकटं. एक पाय उचलावा तर दुसऱ्याला टोचतंय. असा तो माणूस नाचत उभा आहे. आणि आत मीटरवर आकडा झळकतोय— एकतीस!

एकतीस हो! पोपटशेठच्या सात पिढ्यांना जमणार नाही! जिंकला प्रभाकर! पण बघायला कोण? आजूबाजूला चिटपाखरू नाही. ट्रॉलीवाला आला, त्याला शेठनी एकतीस दाखवलं. तो म्हणाला, "कडब्याचं पैसं कोन देनार?"

तेवढ्यात वरून आवाज आला. घाटातून वडाप येत होतं. वडाप माहीत आहे ना? जीपमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं, टपावर पोती, मागं लोंबकळणारे, आणि चालकाचं अर्धं अंग बाहेर. ते वडाप कण्हत कुथत आलं आणि आतून ओळखीचा आवाज आला, "थांबीव रं! माझा भाऊ हाय त्यो!"

आक्का! दाटीवाटीत बसलेली, डोक्यावरचा पदर ढळू न देता. टपावर तिचं पीठ, तांदूळ, घेवडा, सगळं! कुणी काही तोललं नव्हतं. आणि मांडीवर हंडा.

तिनं भावाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. हातपाय धड आहेत ना, ते आधी बघितलं. मग पायातले काटे बघितले. म्हणाली, "ये, बस."

"जागा कुठं आहे गं?"

"माणसाला जागा नसती व्हय रं?"

माणसं सरकली. मंडळी, कशी सरकतात हो ती? एकेक इंच सरकून अख्खा माणूस बसेल एवढी जागा करतात! शेठ बसले. सवय जाते थोडीच? चालकाला विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" तो म्हणाला, "काय की शेठ. भरली की सोडायची, एवढंच आपलं."

आक्कानं हंडा उचलला आणि भावाच्या मांडीवर ठेवला. "धर. माझ्या गुडघ्याला कळ लागली." शेठनी दोन्ही हातांनी धरला. वाटेत दणके बसत होते, हंडा उडत होता, शेठ कवटाळून बसले होते. बऱ्याच वेळानं आक्कानं विचारलं, "किती भरतो रं? तू तर हातानं सांगतोस."

नुसता तांब्या उचलून वजन सांगणारा तो माणूस! त्यानं हंड्याला गाल लावला. "नाही सांगता येत, आक्का," म्हणाला, आणि रडला. भरल्या वडापात, अनोळखी माणसांत, रडला. समोरच्या बाईनं पिशवीतून केळं काढून दिलं. तिला वाटलं, भूक लागली असेल. आणि खरं सांगू? लागलीही होती!

भाऊबीज झाली. आईच्या देव्हाऱ्यापुढं आक्कानं ओवाळलं. देव्हाऱ्यात तो दगडी गणपती होताच, गाडीतून उतरवलेला. त्यानंही बघितलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, मग शेठ सुधारले? छे! माणूस एवढ्यात सुधारला असता तर आमची कीर्तनं बंद पडली असती! मागची सीट बसवली, स्टेपनी आली, गणपती आला. पण आकड्याचा नाद? तो कसा सुटेल? शेठनी नवा हिशेब काढला. म्हणाले, गाडी अठरा देते. पण पाच माणसं बसली तर? माणशी नव्वद! तेव्हापासून रिकामी सीट दिसली की शेठ ब्रेक दाबतात. थांब्यावर गाडी उभी करून हाका मारतात, "चला, चला, कोण येतंय? ॲव्हरेज पडतंय माझं!" काकू पुढं बसतात आणि हसतात. आणि पोपटशेठ, ते एकटेच फिरतात. बावीस देते त्यांची.

देवाला काय, मंडळी! तो तुमच्या नादातूनही काम करून घेतो.

आता आख्यान संपलं, आणि तुमच्याकडे वळतो. चुळबुळ करू नका, पायाला मुंग्या आल्या असतील तरी बसा. मघाशी मंडपात येताना मी बाहेर बघितलं. गाड्या लागल्यात, चकाचक, रांगेनं. आणि हेही बघितलं, की एकेका गाडीतून एकेकच माणूस उतरला. या इथं पुढं बसलेल्या आज्या आहेत ना, त्या वरच्या आळीतून चालत आल्यात, काठी टेकत. येताना यांच्याजवळून किती गाड्या गेल्या असतील? त्यांना विचारू नका, त्या सांगणार नाहीत. आपल्या माणसांची वकिली करतात त्या, आक्कासारखी.

तुमची गाडी काय देते ते साऱ्या गावाला पाठ आहे. ती देते कुणाला, तेवढं मला सांगा!

चला, उठा आरतीला. आरती झाली की सगळे घरी जाल. मी इथंच उभा राहणार आहे, कान देऊन. गाड्या सुरू झाल्याचा आवाज तर रोजच येतो. आज मला त्याच्या आधी मागची दारं उघडल्याचा आवाज ऐकायचाय.